दोन वर्ग, दोन जिल्हे आणि एक मोबाईल: शाळेतला व्हिडिओ कॉल कुठे फसतो आणि कसा जमतो?

"आवाज येईना गेलाय सर! आमचा येतोय का?"

पहिल्या कॉलच्या अकरा मिनिटांत हे वाक्य किती वेळा बोललं गेलं, ते मी मोजायचं सोडून दिलं. एका बाजूला नांदेड जिल्ह्यातली, बिलोली तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दुसऱ्या बाजूला लातूर जिल्ह्यातली, निलंगा तालुक्यातली. दोन्हीकडे तिसरी-चौथीची पोरं सतरंजीवर बसलेली, डोळे टीव्हीला लागलेले. आणि मी बिलोलीच्या वर्गात घाम पुसत उभा. आठ दिवस आधी मीच छाती ठोकून सांगितलं होतं, "ताई, साधा व्हिडिओ कॉल तर आहे, त्यात काय अवघड आहे?"

ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती त्या शाळेत शिकवते. दोन शिक्षक, चार वर्ग, म्हणजे एका खोलीत दोन-दोन इयत्ता. तिच्यासोबत डी.एड. केलेले एक सर निलंगा तालुक्यात आहेत. दोघांच्याही शाळेत लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे आणि दोघांचीही तक्रार एकच: टीव्हीवर पोरं फक्त बघतात, बोलत कुणी नाही.

या दोन गावांनाच का जोडायचं, याला एक झकास कारण होतं. नदी. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून जाते, कर्नाटकात बिदरकडे वळते, तेलंगणात शिरते, तिथून उत्तरेला फिरते आणि बिलोलीच्या बाजूनं पुन्हा आपल्या सीमेवर येऊन गोदावरीला मिळते. म्हणजे निलंग्याच्या पोरांची नदी तीन राज्यं फिरून ताईच्या पोरांकडे येते. आणि पुस्तकात? तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे जिल्ह्याप्रमाणे वेगळं निघालेलं आहे. नांदेडच्या पोराला नांदेडचा नकाशा, लातूरच्या पोराला लातूरचा. नदी जिल्ह्याच्या रेषेपाशी येते आणि पान संपतं.

तर हा कॉल जमवायचा होता. पहिला फसला, दुसरा अर्धा जमला, तिसऱ्यापासून गाडी रुळावर आली. मधल्या काळात मी जे शिकलो ते लिहितोय. तुमच्यापैकी कुणाची बहीण, काका, जुने गुरुजी शाळेत असतील तर उद्या हेच काम तुमच्या गळ्यात पडणार आहे. घरातला "मोबाईलमधलं कळणारा पोरगा" तुम्हीच ना?

आधी एक नाव: परितेवाडी

व्हिडिओ कॉलवर वर्ग जोडणं ही काही कोविडमध्ये निघालेली गोष्ट नाही. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, १० लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे ते जास्त ओळखले जातात. पण त्यांचं दुसरं मोठं काम हेच होतं: घरातल्या छोट्या प्रयोगशाळेतून परदेशातल्या वर्गांना व्हिडिओ कॉलवर प्रयोग दाखवणं, आणि 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांमधल्या मुलांना एकमेकांशी बोलायला लावणं.

तेव्हा शिक्षकांचं आवडतं हत्यार होतं स्काईप. २००३ साली सुरू झालं, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं आणि ५ मे २०२५ ला बंद झालं. ॲप गेलं, पण त्या काळात शिक्षकांमध्ये पसरलेला एक खेळ उरला. त्याच्याकडे पुढे येतो, कारण आमचा कॉल वाचवला तो त्या खेळानं. आधी आवाजाचं बघू.

चित्र फाटलं तर चालतं, आवाज फाटला तर नाही

तुम्ही मित्राला व्हिडिओ कॉल करता तेव्हा फोन तोंडापासून हातभर लांब असतो आणि बोलणारा एकटा असतो. वर्गात फोन एका टोकाला, पोरं तीस, वर पत्रे किंवा स्लॅब, भिंती उघड्या. आवाज सगळीकडून आपटून माइकपर्यंत येतो. आम्ही पहिल्या दिवशी वर आणखी एक शहाणपणा केला: जत्रेत वाजवतात तसला मोठा ब्लूटूथ स्पीकर वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. झालं! निलंग्याहून सर बोलले की त्यांचाच आवाज आमच्या स्पीकरमधून निघून आमच्या माइकमध्ये शिरायचा आणि परत त्यांच्याकडे जायचा. त्यांना आपलंच बोलणं थोड्या वेळानं पुन्हा ऐकू यायचं. माणूस अशा वेळी अडखळतोच.

हे एरवी का होत नाही? कारण फोनला माहीत असतं की आपल्या स्पीकरमधून आत्ता काय वाजतंय. माइकमधून आलेल्या आवाजातून तेवढा भाग तो वजा करतो. पण त्यासाठी हिशोब जुळावा लागतो: काय वाजलं आणि किती वेळानं माइकपर्यंत आलं. ब्लूटूथमध्ये आवाज आधीच थोडा उशिरा वाजतो. त्यात स्पीकर वीस फूट लांब आणि पत्र्याचा घुमारा. वजाबाकी चुकते, प्रतिध्वनी उरतो.

उपाय बिनपैशाचा निघाला. ब्लूटूथ स्पीकर काढून टाकला. फोन केबलनं टीव्हीला जोडला, टीव्हीचा आवाज बेताचा ठेवला, आणि जो बोलणार त्यानं उठून फोनपाशी यायचं. बाकी वेळ माइक म्यूट. ताईनं फोनसमोर खडूनं एक गोल काढला, "बोलायचा गोल". गोलात उभं राहिल्याशिवाय बोलायचं नाही. शिस्त लागली, आवाज सुधारला, आणि ज्या पोरांना वर्गात कधी तोंड उघडायला मिळत नव्हतं त्यांचीही पाळी यायला लागली.

आणखी एक मजेशीर घोळ. निलंग्याच्या पोरांनी स्वागताचं गाणं म्हटलं, तीस पोरं एका सुरात. आमच्याकडे पोहोचलं ते तुकड्या-तुकड्यात, मधेच गायब. ताई म्हणाली, "रेंज नाही वाटतं." रेंज चांगली होती. घोळ होता ॲपमधल्या गोंगाट गाळणाऱ्या सोयीचा. तिला एका माणसाचं बोलणं ओळखायला शिकवलेलं असतं. पंखा, गाडीचा हॉर्न, मागचा कालवा हे सगळं ती कापते. तीस पोरांचं एकत्र गाणं तिच्या लेखी कालवाच! सेटिंगमध्ये जाऊन 'नॉइज कॅन्सलेशन' बंद केलं की गाणं येतं. गाणं संपलं की परत चालू करायचं, नाहीतर पंख्याची घरघर येते.

आणि दोन्ही वर्गांनी मिळून एकाच वेळी गाणं म्हणायचा हट्ट धरू नका. ते होणार नाही. कारण खाली आहे.

उशीर कुठे होतो?

बिलोली ते निलंगा काही फार लांब नाही, पण आवाज सरळ रस्त्यानं जात नाही. फोनमधून टॉवरला, टॉवरवरून कंपनीच्या जाळ्यात, तिथून बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या शहरातल्या सर्व्हरला आणि मग उलट्या वाटेनं दुसऱ्या गावाला. तुम्हाला वाटेल, एवढं फिरल्यामुळे उशीर होतो. तसं नाही. फायबरच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ५०० किलोमीटरला अडीच मिलिसेकंद. खरा वेळ जातो दोन्ही टोकांना, फोन आणि टॉवरच्या मधे, आणि फोनच्या आतल्या थांबण्यात.

हे थांबणं काय असतं? तुमचा आवाज छोट्या छोट्या पुड्या बांधून पाठवला जातो, सेकंदाला पन्नासेक. निघतात एकसारख्या अंतरानं, पोहोचतात कशाही. एसटीसारखं समजा: दर पंधरा मिनिटांनी गाडी सुटते, आणि तुमच्या फाट्यावर तासभर एकही नाही, मग तीन एकामागे एक. पलीकडचा फोन म्हणून थोड्या पुड्या साठवून घेतो आणि मग सावकाश वाजवतो. जाळं जितकं बेभरवशाचं, तितकी साठवण मोठी, तितका उशीर जास्त. एखादी पुडी फारच मागे राहिली तर फोन तिची वाट बघत नाही, टाकून देतो. लग्न लागल्यावर आलेल्या पत्रिकेचं काय करायचं? तोच तो "…वाज …ईना" असा फाटलेला आवाज.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जुनी शिफारस आहे की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं. गावाकडच्या मोबाईल नेटवर तो पुष्कळदा त्याच्या वर जातो. दोन मोठी माणसं सांभाळून घेतात. पण प्रश्न विचारल्यावर अर्धा सेकंद शांतता झाली की तिसरीतल्या पोराला वाटतं, समोरच्याला कळलंच नाही. ते परत विचारतं. तेवढ्यात पहिलं उत्तर येतं. दोन्हीकडून एकदम बोलणं, मग दोन्हीकडून एकदम गप्प.

निलंग्याच्या सरांनी यावर पोलिसांच्या वायरलेसची युक्ती काढली. बोलून झालं की शेवटी "ओव्हर" म्हणायचं. पोरांना ते इतकं आवडलं की ताई सांगते, आता वर्गात पाढे म्हणून झाल्यावरही "ओव्हर" म्हणतात.

डाउनलोड नाही, अपलोड बघा

"आमच्याकडे यूट्यूब मस्त चालतं, मग कॉल का अडकतो?" हा प्रश्न मला दोन्ही शाळांत विचारला गेला. यूट्यूबमध्ये तुम्ही फक्त घेता, आणि तेही आधीच साठवून ठेवलेलं. कॉलमध्ये तुम्ही देताही. टॉवरची ताकद मोठी, त्याचा आवाज तुमच्यापर्यंत सहज येतो. तुमच्या फोनची ताकद छोटी, त्याचा आवाज टॉवरपर्यंत जाताना दम लागतो. म्हणून स्पीड टेस्ट केली तर डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका, खालचा अपलोडचा बघा. स्थिर १ एमबीपीएस मिळाला तरी वर्गाचा कॉल नीट होतो. आमच्याकडे फोन टेबलावरून उचलून खिडकीत ठेवल्यावर आकडा दुपटीच्या वर गेला. टेबल आणि खिडकीत चार पावलांचं अंतर होतं.

खिडकीचा दुसरा उपयोग उजेड. व्हिडिओ पाठवताना फोन प्रत्येक वेळी अख्खं चित्र पाठवत नाही. एकदा पूर्ण पाठवतो आणि नंतर फक्त काय बदललं ते. भिंत बदलत नाही, तिला खर्च नाही. पण अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या चित्रावर दाणे नाचतात, बघितलंत ना? फोनला वाटतं सगळंच बदलतंय, आणि डेटा त्या दाण्यांवर उडतो. तेव्हा खिडकी पोरांच्या समोर हवी, पाठीमागे नको. फोन हातात धरू नका, टेकवा. आम्ही दोन विटा आणि एक पाटी वापरली.

डेटाचा हिशोबही करून टाकू, कारण तो शिक्षकांच्या खिशातून जातो. बऱ्यापैकी चित्राला सुमारे ६०० केबीपीएस धरा. एका तासाचे ३,६०० सेकंद, भागिले ८: २७० एमबी जाणार, तेवढेच येणार, मिळून ५४० एमबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये बसतं. चित्र बंद करून नुसता आवाज ठेवला, ६४ केबीपीएसनं, तर दोन्ही बाजू मिळून तासाला ६० एमबीसुद्धा होत नाहीत. ही दुसरी संख्या लक्षात ठेवा, शेवटी कामाला येते.

आता तो खेळ

आवाज सुधारला. चित्र आलं. आणि दुसऱ्या कॉलमध्ये दोन्हीकडची पोरं एकमेकांकडे बघत गप्प बसली. "तुमचं नाव काय?" झालं. "जेवलात का?" झालं. मग हसू.

स्काईपच्या काळात शिक्षक 'मिस्ट्री स्काईप' खेळायचे. समोरचा वर्ग कुठला आहे ते सांगायचं नाही. फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारून ओळखायचं. आमच्या पोरांना एकमेकांचे जिल्हे माहीत होते, म्हणून आम्ही नियम बदलला: प्रत्येक वर्गानं मनात महाराष्ट्रातला एक जिल्हा धरायचा, दुसऱ्यानं शोधायचा.

पहिल्यांदा निलंग्याच्या पोरांनी सरळ एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. "पुणे?" नाही. "नागपूर?" नाही. जिल्हे ३६, असं गेलं तर ३५ प्रश्न लागू शकतात. मग सरांनी नकाशा खाली सतरंजीवर अंथरला. प्रश्न असा विचारा की निम्मे जिल्हे उडतील. "विदर्भ किंवा मराठवाड्यात आहे का?" हो. ११ आणि ८, राहिले १९. "मराठवाड्यात?" हो. राहिले ८. "गोदावरी जाते का?" हो. हिंगोली, लातूर, धाराशिव गेले, राहिले ५. "तेलंगणाला लागून आहे का?" हो. नांदेड! चार प्रश्नांत. दरवेळी निम्मे उडवत गेलं तर ३६ पैकी कुठलाही जिल्हा जास्तीत जास्त सहा प्रश्नांत सापडतो. मोठ्या यादीत कॉम्प्युटर हवी ती नोंद शोधतो ते याच युक्तीनं, फक्त त्याची यादी आधीच क्रमानं लावलेली असते. इंजिनिअरिंगला हे शिकताना मला झोप यायची. इथं चौथीतली पोरं त्यासाठी भांडत होती, "गोदावरीचं आधी कामून विचारलास, समुद्राचं विचारायचं ना!" (नाही. समुद्राकाठचे जिल्हे सातच. उत्तर 'नाही' आलं तर २९ उरतात. भांडणाऱ्याला हे वहीत मांडून दाखवावं लागलं.)

खेळानं तोंडं उघडली आणि मग खरे प्रश्न आले. बिलोलीच्या एका मुलीनं विचारलं, "तुमच्या नदीत चप्पल वाहून गेली तर आमच्याकडं येते का? ओव्हर." सगळा वर्ग हसला, पण सरांनी तो प्रश्न सोडला नाही. नकाशावर बोट फिरवत गेले: मधे सिंगूर धरण आहे, मग निजामसागर. चप्पल तिथंच अडकणार. पाणीसुद्धा सोडलं तरच पुढे येणार. मग निलंग्याकडून उत्तराला प्रश्न आला, की आमच्या लातूरला पाणी नव्हतं तेव्हा तुमच्याकडे नदीत होतं का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं. ही पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण घरात ऐकलेलं. ताईला उत्तर माहीत नव्हतं. पोरांनी घरी आजोबांना विचारून यायचं ठरलं, आणि पुढच्या कॉलला आपोआप विषय मिळाला.

शब्दांचंही तसंच. बिलोलीच्या पोरांच्या घरात, बाजारात तेलुगू कानावर असते, निलंग्याकडच्यांच्या कानावर कन्नड. एकानं पाण्याला 'नीळ्ळू' सांगितलं, दुसऱ्यानं 'नीरु'. त्या एका नदीच्या पाण्याची ही तिन्ही नावं फळ्यावर लिहिली गेली.

लिंक कुणाला देताय?

तिसऱ्या कॉलच्या आदल्या रात्री कुणीतरी कौतुकानं मीटिंगची लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सकाळी कॉल सुरू झाल्यावर ओळखीची नसलेली चार नावं दार वाजवत होती. आत कुणी आलं नाही, कारण ॲपमध्ये 'विचारल्याशिवाय प्रवेश नाही' हे चालू होतं. बंद असतं तर लहान मुलांच्या वर्गात कोण शिरलं असतं, सांगता येत नाही.

म्हणून ॲप निवडताना मी हेच आधी बघतो. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, ३२ जणांपर्यंत कॉल होतो, पण शिक्षकांचा खासगी नंबर मधे येतो. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी कॉल तुटतो. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांची मर्यादा, पण दोनच उपकरणं असतील तर ती लागत नाही, आणि दोन वर्ग म्हणजे दोनच उपकरणं! आम्ही तेच वापरतो. लिंक दरवेळी नवी, कॉलच्या दहा मिनिटं आधी, फक्त दोन शिक्षकांमध्ये.

रेकॉर्डिंग नाही, स्क्रीनशॉट स्टेटसला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना मूल धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची परवानगी मागितलीय. पण कायदा बाजूला ठेवा. ताईनं पालकसभेत विचारलं तेव्हा दोन आयांनी "फोटो नको" असं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या मुली कॉलमध्ये असतात, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसतात आणि गोलात उभं न राहता बाजूनं बोलतात.

हिवाळ्यातला कॉल

दिवाळीनंतरच्या पहिल्या कॉलला निलंग्याच्या एका पोरानं विचारलं, "ती चपलेवाली कुठं आहे?" ताई क्षणभर गप्प झाली. ती मुलगी आई-बापासोबत ऊसतोडीला गेली होती. मराठवाड्यातल्या शाळांत दरवर्षी या दिवसांत हजेरीपटाची काही पानं अशी रिकामी होतात. सांगितल्यावर पलीकडच्या वर्गातही दोन हात वर आले, "आमच्यातले पण गेलेत."

पुढच्या कॉलला ताईनं तिच्या बापाचा नंबर मिळवला. फडाजवळच्या कोपीत रेंज जेमतेम, चित्राचा प्रश्नच नव्हता. कॅमेरा बंद, नुसता आवाज, ते ६४ केबीपीएसवालं गणित. आता तीन उपकरणं झाली म्हणून साठ मिनिटांची मर्यादा लागली, पण तिच्या बापाकडे वेळ होता दहाच मिनिटं. गाडी भरायची होती.

नमस्कार-चमत्कार कुणी केला नाही. निलंग्याच्या पोरांनी सरळ खेळ लावला: तू आत्ता कुठल्या जिल्ह्यात आहेस ते सांगू नको. "विदर्भ किंवा मराठवाडा?" नाही. "समुद्र आहे का?" नाही. "कृष्णा नदी आहे का?" थोडा उशीर, मागून ट्रॅक्टरचा आवाज, कुणाला तरी विचारल्यासारखं. मग हो. "कोल्हापूर?" नाही. "सांगली?"

"हो. ओव्हर."

सतरंजीवर अंथरलेल्या नकाशात बिलोलीपासून सांगलीपर्यंत एका पोरानं हाताच्या विती टाकायला सुरुवात केली.